उठायचं भ्या

लोक येतात, सतरंजीवर बसतात, तुमच्या फोटोकडं बघतात आणि जाताना एकच म्हणतात, "झोपेतच गेले. भाग्यवान माणूस. ना कुणाला त्रास, ना काही." मी मान हलवते. त्यांना काय सांगू, की झोप हा शब्दसुद्धा आपल्या घरात किती जपून वापरला जायचा. तुम्ही झोपलात की मी भिंतीच्या कडेकडेनं चालायची, भांड्याला भांडं लागू द्यायची नाही. हे आपल्या दोघांनाच ठाऊक होतं. आता मला एकटीला ठाऊक आहे आणि ते एकटीला पेलवत नाही, म्हणून तुमच्याशी बोलते आहे. कागदावर बोलते, कारण मोठ्यानं बोलले की संदीप आणि सूनबाई एकमेकांकडं बघतात.

तुमचा राग मी जन्मात पाहिला नव्हता, आणि तीच माझी तक्रार होती. बजाजनगरच्या त्या दोन खोल्यांत आपण राहायचो तेव्हा समोरचा टेंपोवाला रोज आपल्या दारात टेंपो लावायचा. मी चिडून लाल व्हायची. तुम्ही कंपनीतून यायचात, टेंपोच्या कडेनं अंग चोरून आत शिरायचात आणि म्हणायचात, "त्याला तरी कुठं जागा हाय." गल्लीतल्या सगळ्यांचे मिक्सर तुम्ही दुरुस्त करून द्यायचात, त्या टेंपोवाल्याचासुद्धा. संदीप दहावीत कॉपी करताना सापडला त्या दिवशी मला वाटलं, आज तरी हात उचलाल. तुम्ही त्याच्याजवळ नुसते बसून राहिलात, शेवटी पोरगंच रडायला लागलं. मी एकदा विचारलं होतं, "तुम्हाला राग येतच नाही का हो?" तुम्ही म्हणालात, "येतो की. पण तवर शिफ्टचा टाइम होतो."

अशा माणसाच्या नाकात मांस वाढलं. रात्री श्वास अडायचा, वास तर कशाचाच यायचा नाही, फोडणी करपली तरी समोर बसून पेपर वाचत राहायचात. डॉक्टर म्हणाले, साधं ऑपरेशन आहे, पूर्ण भूल द्यावी लागेल, दोन दिवसांत घरी. आपण हसत गेलो होतो. जाताना तुम्ही मला म्हणालात, आल्यावर मेथीची भाजी कर, तिचा वास बघायचाय.

मी बाकावर बसले होते. ऑपरेशन झालं म्हणून डॉक्टर सांगून गेले होते, त्यामुळं मी निर्धास्त होते. तेवढ्यात आतून एक आवाज आला. खरं सांगते, तो आवाज तुमचा असेल असं मनातसुद्धा आलं नाही. मला वाटलं, दुसऱ्या कुणाचा तरी पेशंट आहे बिचारा. मग दार उघडलं आणि सिस्टर घाबऱ्या घाबऱ्या म्हणाली, "मावशी, लवकर या. तुमचं ऐकतील ते."

तुम्ही खाटेवर अर्धे उठून बसला होता. नाकात दोन्हीकडं बोळे घट्ट कोंबलेले, हनुवटीवर रक्त, हातातली सलाईनची सुई उपटलेली आणि तिथूनही रक्त गळत होतं. एक वॉर्डबॉय तुमच्या पायावर ओणवा पडला होता. सगळे एकदम ओरडत होते, "दिगंबर, झोपा, दिगंबर, हलू नका." कोर्टात पुकारा करतात तसं तुमचं नाव. तुमचे डोळे सताड उघडे होते. मी समोर गेले, म्हटलं, "अहो, मी आहे," आणि तुमच्या खांद्यावर हात ठेवला. तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. लग्न झाल्यापासून ते डोळे मी बघत आले होते, आणि त्या डोळ्यांनी मला ओळखलं नाही. तुम्ही माझा दंड धरलात आणि मला भिरकावून दिलंत.

मी सलाईनच्या लोखंडी स्टँडवर पडले. मनगटातून काडी मोडल्यासारखा आवाज आला. दुखलं ते नंतर, आधी फक्त भीती होती. भिंतीला टेकून मी बघत राहिले आणि चार माणसांनी तुमचे हात बँडेजच्या पट्ट्यांनी खाटेला बांधले. तोंडानं श्वास ओढत तुम्ही ओरडत होतात, "काढा, काढा." मग कुणीतरी इंजेक्शन दिलं आणि तुम्ही गप्प झालात. डॉक्टर म्हणाले, भुलीतून उठताना होतं असं कधीकधी, काळजीचं कारण नाही.

संध्याकाळी तुम्ही जागे झालात ते तुम्हीच होऊन. म्हणालात, "चहा मिळंल का?" मग माझ्या गळ्यातली झोळी दिसली. "हाताला काय झालं गं?"

"पाय घसरला," मी म्हटलं.

तुम्ही मान डोलावलीत. मग स्वतःच्या मनगटांवरचे वळ बघितलेत, बराच वेळ बघितलेत. मी काही बोलायच्या आत शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याचा जावई म्हणाला, "काका, लई ताकद हाय राव तुमच्यात. मावशीला तर पार उडवूनच दिलं." तो चेष्टेत बोलला. तुम्ही माझ्याकडं पाहिलंत, मी नजर वळवली, आणि तुम्हाला उत्तर मिळालं. तुम्ही भिंतीकडं तोंड करून पडलात.

माझा हात प्लास्टरमध्ये होता तोवर तुम्ही कणीक मळलीत, धुणं धुतलंत, ड्यूटीवर जायच्या आधी माझी वेणी घालून दिलीत. वेणी एका बाजूला जायची. मी कामाला होते त्या शाळेत बाकीच्या बाया हसायच्या, मी सुटीच्या दिवशीसुद्धा ती सोडायची नाही. माझ्या डोक्यावर तुमची बोटं इतकी हलकी फिरायची, जणू केसालाही दुखेल. आणि त्याच बोटांना मी आतून घाबरत होते. दोन्ही खरं होतं. एकाच वेळी खरं होतं.

एकदा वेणी घालता घालता मागून तुम्ही म्हणालात, "तो मीच व्हतो."

मी म्हटलं, "नाही हो. ते औषध होतं. डॉक्टरांनी सांगितलं ना."

"औषध बाहेरून माणूस आणत नाय. आत हाय त्यालाच उठवतं."

"मग इतकी वर्षं तो कुठं होता?"

"झोपला व्हता," तुम्ही म्हणालात.

आपलं हे भांडण तिथं सुरू झालं आणि कधी संपलंच नाही. भाजी निवडताना, बसस्टँडवर उभं असताना, कुठूनही ते निघायचं. मी नेहमी औषधाला दोष द्यायची आणि तुम्ही नेहमी स्वतःला. माझ्या बोलण्यात जोर नसायचा हे तुम्हाला कळायचं. कारण तुम्ही झोपलात की मी पाठ फिरवून नाही झोपायची. तुमच्याकडं तोंड करून झोपायची, हात छातीशी धरून. पुढं मी पंख्याचं निमित्त काढलं आणि बाहेरच्या खोलीत अंथरूण टाकलं. तुम्ही पंखा दुरुस्त केलात. तरी मी आत आले नाही, आणि तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत. सकाळच्या शिफ्टला तुम्हाला उठवायचं असलं की मी दारात उभी राहून हाक मारायची, "अहो." हात लावून उठवणं बंदच झालं. तुम्ही मी झोपेपर्यंत जागे राहायला लागलात आणि माझ्या आधी उठायला लागलात. म्हणजे तुम्हीही घाबरला होतात, फक्त तुमचं भय स्वतःचं होतं. दोन माणसं, दोन खोल्या, आणि मधल्या दारात कुणीतरी तिसरं उभं असल्यासारखं वाटायचं.

तुम्ही रिटायर झालात, आपण पुंडलिकनगरला घर घेतलं, संदीप पुण्याला गेला. मला वाटलं, ते सगळं बजाजनगरलाच राहिलं. मग एका लग्नातून आल्यावर तुमच्या पोटात उजव्या बाजूला कळ आली. पित्ताशयात खडे निघाले. डॉक्टर म्हणाले, पिशवीच काढून टाकू, दुर्बिणीनं होतं. तुम्ही सोनोग्राफीचा कागद घडी करून खिशात ठेवलात आणि घरी येऊन म्हणालात, "तेल बंद कर."

तेल बंद केलं, तरी कळा थांबल्या नाहीत. तुम्ही गुडघे पोटाशी घेऊन पडायचात, घामानं उशी भिजायची, पण ऑपरेशनचं नाव काढू द्यायचा नाहीत. एकदा ताप चढला, डोळे पिवळे दिसायला लागले. संदीप पुण्याहून आला. डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं की पिशवी सुजली आहे, आत फुटली तर जिवावर बेतेल. तो तुमच्यावर ओरडला. "आण्णा, लोक हृदयाची ऑपरेशनं करून घेतात. तुम्ही एवढ्याशाला मरायला घाबरता?"

तुम्ही शांतपणे म्हणालात, "मला मरायचं भ्या नाय, संदीप. मला उठायचं भ्या हाय."

त्याला काही कळलं नाही. आईचा हात पडून मोडला होता, एवढंच त्याला माहीत होतं. तुम्ही माझ्याकडं बोट केलंत. "तुझ्या आईला विचार. ती म्हणंल तसं करू."

दोघंही माझ्याकडं बघत राहिले. तुम्ही गेलात तर, या विचारानं मला पुढचं काही दिसत नव्हतं. आणि तुम्ही पुन्हा तसे उठलात तर, या विचारानं माझं मनगट ठणकायला लागलं. मी म्हटलं, "करा ऑपरेशन." आवाज कापला. तुम्ही ऐकलंत तो कापलेला.

दवाखान्यात जाताना क्रांती चौकातल्या सिग्नलला रिक्षा थांबली होती. संदीप पुढं गाडीवर गेला होता. तुम्ही रस्त्याकडं बघत म्हणालात, "मी उठताना तू तिथं नको."

"मी असणार," मी म्हटलं.

"नको म्हणलं ना."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुमचा आवाज चढला. रिक्षावाल्यानं आरशातून मागं बघितलं. मी रुसल्यासारखं तोंड केलं. तुम्हाला वाटलं असेल, मला लागलं. मला काय वाटलं ते मी कधी बोलले नाही. छातीवरचं ओझं उतरलं होतं. मला तिथं उभं राहायचं नव्हतं, आणि ते मला म्हणावं न लागता तुम्हीच म्हणाला होतात. हे आज लिहितानासुद्धा आजूबाजूला कुणी नाही ना, ते बघते आहे.

मागचा प्रकार मी सर्जनना सांगितला होता, म्हणून ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भूल देणाऱ्या डॉक्टर स्वतः खोलीत आल्या. डॉ. शाहीन. आपल्या सुनेच्या वयाची पोरगी. उभ्या उभ्या नाही बोलली, स्टूल ओढून तुमच्या खाटेजवळ बसली. तिनं आधी दारूचं विचारलं. "काका, खरं सांगा. त्यावर माझं औषध ठरतं." तुम्ही म्हणालात, "कंपनीत कुणी रिटायर झालं की." ती हसली. मग म्हणाली, "मागच्या वेळी उठताना काय झालं, ते मला तुमच्याकडून ऐकायचंय."

"आठवत नाय," तुम्ही म्हणालात. मलाही नेहमी हेच सांगितलं होतंत.

ती उठली नाही. बसून राहिली. तुम्ही चादरीची कड बोटानं चोळत होतात. मग खालमानेनं बोलायला लागलात.

"कुणीतरी तोंडावर उशी दाबून बसलंय असं वाटलं. श्वास घ्यायला जागाच नाय. हात धरलेले, पाय धरलेले. मला वाटलं, मारायलेत आपल्याला. आन् ही बाहेर एकटीच बसलीय. मला हिच्याकडं जायचं व्हतं. मधीच कुणीतरी आडवं आलं. त्याला ढकललं."

मी खिडकीजवळ उभी होते. तिथंच गज धरून राहिले. जे आडवं आलं ती मी होते. मला गाठण्यासाठी तुम्ही मलाच ढकललं होतंत, आणि हे इतकी वर्षं तुम्ही एकट्यानं जवळ ठेवलं होतंत.

शाहीननं तुमचा हात धरला नाही, तुम्हाला समजावलंही नाही. तिनं साधं सांगितलं. "काका, मेंदू एकदम सगळा जागा होत नाही. भीती आधी जागी होते. ओळख मागून येते. त्या मधल्या वेळात माणूस फक्त जीव वाचवायला बघतो. तुमचं नाक बंद होतं, दुखत होतं, वर सगळे ओरडत होते, धरत होते. कुणीही हात चालवला असता. मीसुद्धा."

"म्हणजे तो मी नव्हतो म्हणता?"

"तुम्हीच होता. पण अर्धे जागे होता."

तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. आपल्या भांडणात तिनं कुणाची बाजू घेतली ते तुम्हालाही कळलं नाही आणि मलाही नाही.

मग तिनं ती काय काय करणार ते सांगितलं. गॅसऐवजी शिरेतून जाणारं औषध वापरेन, त्यातून माणूस सावकाश वर येतो. मन शांत ठेवणारं एक औषध हळूहळू चालू ठेवेन. दुखणं सुरू व्हायच्या आधीच दुखण्याचं औषध देईन, टाक्यांची जागा बधिर करेन. आत जायच्या आधी लघवीला जाऊन यायचं, म्हणजे नळी घालायची गरज बहुतेक पडणार नाही. "आणि उठल्यावर काय वाटेल ते आत्ताच ऐकून ठेवा. घसा खवखवेल. खांदा दुखेल, पोटात हवा भरतो म्हणून. तोंड कोरडं पडेल. पण नाक मोकळं असेल. श्वास अडणार नाही. तुम्हाला कुणी बांधणार नाही. माझ्याशिवाय कुणी बोलणार नाही." ती थांबली. "हमी नाही देत मी, काका. झूठ नहीं बोलूंगी. पण पुष्कळ कमी करता येतं."

ती हमी नाही म्हणाली, आणि तिथंच तुमचा तिच्यावर विश्वास बसला. मला दिसलं ते. पण माझी भीती त्या एका शब्दावर अडकून बसली.

"तुम्हाला घरी काय नावानं हाक मारतात?" तिनं विचारलं. "कागदावरच्या नावानं नको उठवायला."

तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. मी म्हटलं, "मी नाव घेत नाही. अहो म्हणते."

"मग तुम्हीच अहो म्हणा. मी म्हटलं तर चालायचं नाही."

तुम्ही हसलात. त्या आठवड्यात पहिल्यांदा. आणि लगेच हसू गेलं. "डॉक्टर, हिला तिथं नका उभं करू."

"काकू कुठं उभ्या राहतील ते मी ठरवते. पायाकडं, हात पोचणार नाही इतक्या लांब. पण मला त्यांचा आवाज पाहिजे."

माझं मत कुणी विचारलं नाही, ते बरं झालं.

दुसऱ्या दिवशी तुम्हाला आत नेलं. संदीप फोनवर कुणाशी तरी बोलत येरझाऱ्या घालत होता. मी पदराखाली डाव्या हातानं उजवं मनगट धरून बसले होते. शेजारचा एक माणूस शेंगा सोलून खात होता, त्या टरफलाच्या आवाजानं मी दर वेळी दचकत होते. आत ते औषध चुकलं तर. ती पोरगी अनुभवी नसली तर. तुम्ही बिलकुल उठलाच नाहीत तर. आणि मधूनच, फार खोलातून, असंही येत होतं की तुम्ही उठलाच नाहीत तर तो आतला तरी उठणार नाही. असा विचार आला की मी देवाचं नाव घ्यायची. दार उघडलं आणि सिस्टरनं मला खूण केली तेव्हा मी बसूनच राहिले. संदीप म्हणाला, "आई, जा ना." मी गेले.

आत उजेड मंद होता. कुणी बोलत नव्हतं. एक यंत्र बारीक आवाज करत होतं. तुम्हाला उशी जरा उंच करून झोपवलं होतं, हात मोकळे, चादर छातीपर्यंत. शाहीननं मला खाटेच्या पायाशी उभं केलं आणि बोटानं थांबा म्हणून सांगितलं. मग तुमच्या कानाशी वाकून ती बोलायला लागली, सावकाश, पाढे म्हणावेत तशी. "ऑपरेशन झालं. तुम्ही दवाखान्यात आहात. नाक मोकळं आहे. श्वास घ्या. घाई नाही."

तुमची बोटं हलली. पापण्या हलल्या, पण उघडल्या नाहीत. कपाळावर आठी आली. मग तुमचा उजवा हात चादरीतून एकदम वर आला. मी मागं सरकले. पाठ भिंतीला लागली तेव्हा कळलं की मी सरकले आहे. शाहीननं तो हात धरला नाही. तिनं माझ्याकडं पाहून मान हलवली, आता.

मी तोंड उघडलं, नुसती हवा आली. तुमचा हात तसाच हवेत होता. मी पुन्हा प्रयत्न केला.

"अहो."

हात थांबला. मग हळूच खाली, तोंडाकडं गेला. तुम्ही नाक चाचपलंत, एकदा ह्या बाजूनं, एकदा त्या बाजूनं. श्वास आत घेतलात, सोडलात. हात छातीवर आला आणि तिथं पडून राहिला. डोळे उघडले.

"चष्मा," तुम्ही म्हणालात.

शाहीननं चष्मा लावून दिला. तुम्ही छताकडं पाहिलंत, तिच्याकडं पाहिलंत, मग माझ्याकडं. तुम्ही मला ओळखलंत. मी तो क्षण कुणाला सांगू शकत नाही, कारण बाहेरून बघणाऱ्याला त्यात काहीच घडलं नव्हतं. एक म्हातारा माणूस आपल्या बायकोकडं बघत होता.

"एवढ्या लांब का उभी हैस?" तुम्ही विचारलंत. मग तुम्हाला आठवलं. "हाणलं का मी तुला?"

"नाही."

"हात बघू."

मी दोन्ही हात वर करून दाखवले, लांबूनच. तुम्ही ते नीट बघितलेत, जसे कंपनीत मशीनवरचे पार्ट तपासायचात तसे, आणि डोळे मिटलेत. साधी झोप लागली.

बाहेर आल्यावर शाहीन ओढणीनं कपाळ पुसत म्हणाली, "हात वर गेला ना काकू, मैं भी डर गई थी." मी तिचे हात धरले. मला बरं वाटलं की तीही घाबरली होती आणि तरी तिनं तुम्हाला धरलं नव्हतं.

त्यानंतरचे दिवस चांगले गेले. तुम्ही मला पुन्हा आतल्या खोलीत बोलावलं नाहीत, मीच एक दिवस अंथरूण उचलून आत नेलं. तुम्ही भिंतीकडं सरकलात. तुम्हाला पिठलं पचायला लागलं. सकाळी तुम्ही कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जायचात आणि येताना मला नको असलेली कोथिंबीर आणायचात. मला वाटलं होतं, तुम्ही शांत उठलात म्हणजे आपलं भांडण मिटलं, मी जिंकले. तुम्ही म्हणालात, "त्यात काय सिद्ध झालं? त्या पोरीनं राखलं म्हणून. राखलं नसतं तर?" मी म्हटलं, "राखलं की सगळी माणसं बरीच असतात." तुम्ही म्हणालात, "हां, मग न राखलेली कोण असत्यात?" तेवढ्यात कुणीतरी बेल वाजवली, तुम्ही उठून गेलात.

आणि एक गोष्ट बदलली नाही. दुपारी तुम्ही झोपलात की चहाला मी दारातूनच हाक मारायची. एकदा तुम्ही जागेच होतात. डोळे न उघडता म्हणालात, "अजून दारातूनच?"

"सवय झाली," मी म्हटलं.

मला म्हणायचं होतं, अहो, मी तुम्हाला भीत नाही. तुमच्या आधी जे जागं होतं, त्याला भीते. तुम्हाला यायला लागतो तेवढा वेळ मला दारात काढू द्या. पण चहा उतू जात होता, आणि आपल्याकडं वेळ आहे असं वाटत होतं.

त्या दुपारी ऊन फार होतं. कूलर लावला होता. तुम्ही वरण-भात खाऊन आडवे झालात, मला म्हणालात, जास्त वेळ झोपू देऊ नको, मग संध्याकाळी सुस्ती राहते. मी चहा टाकला आणि दारात येऊन हाक मारली. कूलरच्या आवाजात ऐकू गेलं नसेल असं वाटलं. पुन्हा मारली. तुम्ही कुशीवर होतात, चेहरा पलीकडं, एक हात अंगावर. मी म्हटलं, झोपू दे जरा. कपावर बशी झाकून ठेवली. परत आले, मोठ्यानं हाक मारली. मग कूलर बंद केला. खोली एकदम शांत झाली, आणि त्या शांततेत जो आवाज असायला हवा होता तो नव्हता. नाकाचं ऑपरेशन होऊनही तुम्ही थोडं घोरायचात.

डॉ. शाहीन परवा भेटायला आली होती. तिला मी विचारलं. ती म्हणाली, झोप लागल्या लागल्याच हृदय थांबलं असणार, मी पहिल्या हाकेला धावत गेले असते तरी काही झालं नसतं. ती माझ्याशी कधी खोटं बोलली नाही. तरी ऐकताना मी तिच्या तोंडाकडं बघत होते, आज पहिल्यांदा बोलते आहे का.

त्या दुपारी दार ते खाट एवढं अंतर मी कशी गेले ते आठवत नाही. मी तुमच्या खांद्यावर हात ठेवला. त्या पहिल्या दवाखान्यानंतर झोपेतल्या तुम्हाला मी पहिल्यांदा हात लावत होते. हलवलं. तुमच्या अंगावरचा हात घसरला आणि एकदम माझ्याकडं आला, आणि मी मागं सरकले. तुम्ही नव्हता, आणि मी तुमच्या हाताला घाबरून मागं सरकले.

मग पुढं झाले. खाटेवर बसले. तुमचे दोन्ही खांदे धरले आणि गदागदा हलवले, त्या पहिल्या दवाखान्यात सगळे ओरडत होते तशी ओरडून. शाहीननं जे करू नये म्हणून सांगितलं होतं ते सगळं केलं. तुमचं नाव घेतलं. दिगंबर म्हटलं, दिगंबर उठा म्हटलं. डोळे उघडा, मला ओळखू नका, कुणीही होऊन उठा. तुमचा हात उचलून मी माझा दंड त्याच्यात दिला आणि बोटं वरून दाबून मिटली. हात अजून कोमट होता. मी म्हटलं, धरा. फेकून द्या मला भिंतीवर. मी सरकणार नाही.